सातवा खडा

आमच्या घराच्या मागच्या पडवीत गेली काही वर्षे एक डबा फिरतो आहे. तो दिवसा फिरतो, रात्री फिरतो आणि पावसाळ्यात वीज गेली म्हणजे तेवढा विसावा घेतो. त्याचा आवाज फार मोठा नाही. ओढ्याच्या तळाशी गोटे सरकावेत तसा काहीसा तो आहे. घरी आलेल्या पाहुण्याला पहिल्या रात्री त्यामुळे झोप येत नाही, आणि डबा थांबला तर आम्हा दोघांना येत नाही. सौभाग्यवतींनी त्याचे नाव 'गिरणी' ठेवले आहे. "अहो, तुमची गिरणी आज काय दळते आहे?" असे त्या विचारतात, आणि मी प्रामाणिकपणे उत्तर देतो, "काच."

काच दळणारा निवृत्त मुख्याध्यापक हा गावाच्या दृष्टीने थोडा चिंतेचाच विषय असतो. माझे समवयस्क कुणी भजनी मंडळात रमले, कुणी शेतीकडे वळले. मी मात्र भंगारवाल्याच्या गाडीपाशी उभा राहून औषधाच्या तपकिरी बाटल्या आणि गोटी सोड्याच्या हिरव्या बाटल्यांचे जाड बूड निवडीत असतो. भंगारवाल्याने प्रथम माझ्याकडून पैसे घेण्याचे नाकारले. मास्तरांवर अशी वेळ यावी, याचे त्याला मनापासून वाईट वाटले असावे.

याचा आरंभ २०१९ च्या उन्हाळ्यात गुहागरच्या समुद्रकिनाऱ्यावर झाला. माझी नात तेव्हा सात वर्षांची होती. ओल्या वाळूतून तिने काहीतरी उचलले आणि धावत येऊन विचारले, "आजोबा, ही खडीसाखर आहे का?" पाहतो तो बाटलीच्या काचेचा एक हिरवा तुकडा. त्याच्या धारा पार नाहीशा झाल्या होत्या. कुण्या वेळी कुणीतरी टाकलेली ती बाटली फुटली, आणि लाटांनी तिचा तुकडा वर्षानुवर्षे वाळूवर घासला. खाऱ्या पाण्यानेही हळूहळू त्याचा पृष्ठभाग खाल्ला. ओला असताना तो पाचूसारखा चमकत होता. घरी आणून ठेवला, तो वाळला आणि निस्तेज झाला. "वाळला की तो रुसतो का?" असे नातीने विचारले. मी त्याला पुन्हा पाण्यात बुडविले; पुन्हा तेज आले. पृष्ठभागावरच्या असंख्य ओरखड्यांमुळे प्रकाश इतस्ततः विखुरतो, म्हणून काच धुरकट दिसते. पाण्याने ते ओरखडे भरून निघाले की प्रकाश सरळ आरपार जातो. हे मी तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग तो वाळल्यावरसुद्धा चमकेल असं करा ना." माझ्या अध्यापनाच्या चौतीस वर्षांत इतका सरळ गृहपाठ मला कुणी दिला नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याने मला यंत्र करून दिले. यंत्र म्हणजे काय, रबराच्या नळ्या चढविलेले दोन लोखंडी दांडे, त्यांतील एक फिरविणारी लहानशी मोटार, आणि त्या दोन दांड्यांवर आडवा ठेवलेला, आतून रबराचे अस्तर लावलेला घट्ट झाकणाचा डबा. दांडा फिरला की डबा फिरतो. पहिल्या दिवशी तो भलताच वेगाने फिरू लागला, आणि आतल्या काचा एकमेकींवर घासण्याऐवजी आपटून त्यांचे टवके उडाले. मग वेग मिनिटाला सुमारे चाळीस फेऱ्यांवर आणला. डबा दोनतृतीयांश भरावयाचा, हेही अनुभवाने कळले. कमी भरला तर तुकडे उंचावरून पडून फुटतात. गच्च भरला तर हलतच नाहीत.

आत काचेबरोबर पाणी असते आणि एक काळी, चमचमणारी पूड असते. तिचे नाव सिलिकॉन कार्बाइड. बाजारात तिला कार्बोरंडम म्हणतात. एडवर्ड ॲचेसन नावाचा अमेरिकन संशोधक कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत होता. हिरे काही झाले नाहीत, पण १८९१ मध्ये त्याच्या भट्टीत हे काळे स्फटिक सापडले. पदार्थांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस याच्या श्रेणीत हिऱ्याला दहा गुण आहेत, कार्बोरंडमला नऊहून थोडे अधिक, आणि काचेला केवळ साडेपाच. तेव्हा या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. प्रश्न फक्त सबुरीचा असतो.

ही पूड जाडीबारकीप्रमाणे क्रमांक लावून विकतात. एका इंचात जितकी छिद्रे असलेल्या चाळणीतून ती गाळली, तितका तिचा क्रमांक. म्हणजे क्रमांक मोठा, तितकी पूड बारीक. मी २२० क्रमांकाच्या पुडीने आरंभ करतो. चार दिवसांनी डबा उघडला म्हणजे तुकड्यांच्या धारा बोथट झालेल्या असतात, पण अंगावर जणू राख फासलेली असते. मग ५०० क्रमांकाची पूड. या खेपेस सोबत प्लॅस्टिकचे दाणे घालावे लागतात, नाहीतर काचेवर काच आपटून नवे चरे पडतात. पाचसहा दिवसांनी काच दुधट, मऊ होते. शेवटी सिरियम ऑक्साइडची पूड, उगाळलेल्या चंदनासारख्या रंगाची. सिरियम हे नाव १८०१ साली सापडलेल्या सेरेस या खगोलावरून पडले, आणि त्याचा साठा असलेले मोनाझाइट नावाचे खनिज आपल्याच केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत आहे. समुद्राने खरबरीत केलेली काच समुद्रकाठच्याच खनिजाने गुळगुळीत व्हावी, या योगायोगाचे मला कौतुक वाटते.

गंमत अशी, की या साऱ्या प्रकारात आपण काचेला ओरखडेच काढीत असतो. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात याचा विचार केला आहे. झिलई देणे म्हणजे ओरखडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक करणे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यात भर घातली. सिरियमची पूड पाण्याच्या साहाय्याने काचेच्या पृष्ठभागावर थोडी रासायनिक क्रियाही करते, असे आता आपल्याला माहीत आहे.

दोन टप्प्यांच्या मध्ये जे धुणे करावे लागते, त्याविषयी मात्र कुणी ग्रंथ लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. डबा, झाकण, झाकणाची खाच, एकेक तुकडा दातांच्या जुन्या ब्रशाने घासून काढावा लागतो. पहिल्या वर्षी मी तो गाळ मोरीत ओतला. तो सिमेंटासारखा घट्ट बसला आणि दोन दिवस घरात माझ्याशी कुणी फारसे बोलले नाही. तेव्हापासून परसात खड्डा केला आहे. दुसऱ्या एका खेपेस नातीच्या वर्गातील मुलांना वाटण्यासाठी चाळीस तुकडे तयार होत आले होते. शेवटचा टप्पा संपवून झाकण काढले, तो प्रत्येक तुकड्यावर केसासारखे चरे! झाकणाच्या खाचेत २२० क्रमांकाच्या पुडीचे काही कण राहून गेले होते. चिमटीतही न येणाऱ्या त्या कणांनी चाळीस तुकड्यांचे पंधरा दिवसांचे काम फुकट घालविले. सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

पुढे एका हिवाळ्यात लोथल आणि खंबायत पाहण्याचा योग आला. लोथलला १९५५ पासून उत्खनन झाले. तेथे सिंधू संस्कृतीच्या काळातील मणी करण्याची कार्यशाळा सापडली, अर्धवट घडविलेल्या मण्यांसकट. खंबायतेत अकीकाचे मणी आजही होतात. आता तेथेही विजेवर फिरणारी पिंपे आहेत. पण पूर्वीची रीत ऐकून मी थक्क झालो. कातडी पिशवीत मणी, पाणी आणि कुरुंदाची पूड भरून तिचे तोंड बांधीत, आणि दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी दहा-पंधरा दिवस एकमेकांकडे लोटीत राहत. माझी मोटार जे काम करते ते त्या माणसांनी हातापायांनी केले. मात्र तेथील कारागिरांची एक व्यथाही आहे. अकीक कोरडा घासताना उडणारी गारेची धूळ फुप्फुसांत साचून त्यांना सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग जडतो. माझे सारे काम पाण्यात चालते ते याचसाठी. आणि बाटली फोडताना ती जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालूनच मी हातोडी उचलतो. तुम्हांपैकी कुणाला हा छंद करावासा वाटला, तर एवढा भाग घरातील मोठ्यांकडे सोपवा.

आता मला जे सांगावयाचे आहे ते जरा अवघड आहे. ते बिघडलेले चाळीस तुकडे पुन्हा पहिल्या टप्प्यातून काढून मी धूत बसलो होतो. धार राहिली नाही ना, हे पाहण्यासाठी प्रत्येकाच्या काठावरून अंगठा फिरवीत होतो. आणि एकाएकी वाटले, हा स्पर्श आपल्या ओळखीचा आहे. असे बोथट, किंचित खरखरीत काठ पूर्वी कधीतरी आपल्या मुठीत होते.

१९९६ साल असावे. मी सातवीच्या वर्गात समास शिकवीत होतो. फळ्यावर 'नीलकंठ' हा शब्द लिहिला, आणि त्या शब्दावर पाण्यासारखा हिरवट-निळा कवडसा येऊन थरथरू लागला. मुले हसली. खिडकीजवळच्या मुलाच्या बाकावर काचेचे तुकडे मांडलेले होते. माझा संताप अनावर झाला. "काच हाताला लागली म्हणजे कळेल!" असे ओरडून मी ते तुकडे गोळा केले आणि खिडकीतून मागच्या पडक्या विहिरीत भिरकावून दिले. मुलगा काही बोलला नाही. मी पुन्हा समासाकडे वळलो. त्या दिवशी आपण एका मुलाला इजेपासून वाचविले, असेच मी समजत होतो.

पण त्या तुकड्यांना धार नव्हती! मी ते मुठीत धरले होते, आणि माझ्या हाताला साधा ओरखडाही आला नव्हता. त्या मुलाने ते दगडावर ओल्या वाळूने घासून बोथट केले होते. यंत्राशिवाय, बोटांनी एकेक काठ घासायला त्याला किती संध्याकाळी लागल्या असतील, याचा हिशेब मला आता, सत्तावीस वर्षांनी करता येत होता.

त्याचा पत्ता मी शोधून काढला. तो पुण्यास नोकरी करतो. गेल्या दिवाळीत गावी आला तेव्हा मी निरोप पाठवून त्याला बोलाविले, डबा दाखविला, आणि चहा निवण्यापूर्वीच मनातले बोलून टाकले. तो थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही फेकलेत याचा मला राग नव्हता. तुम्ही ते हातात घेतलेत आणि पाहिले नाहीत, याचा होता." थोड्या वेळाने खिशात हात घालून तो हसला. "आणि सात होते. तुम्ही सहा फेकलेत. सातवा माझ्या नेफ्यात होता."

तो सातवा खडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. सुपारीहून थोडा मोठा, फिकट हिरवट-निळा, आत एक लांबट बुडबुडा. त्याचे आजोबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते. आमच्या भागाला काच नवी नाही. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे कराडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला, त्याच्यावरून वस्तीचे नावच ओगलेवाडी पडले, आणि तेथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. लहानपणी मी त्याच कंदिलाच्या उजेडात पाढे पाठ केले आहेत. भट्टीपाशी सांडून गोठलेल्या काचेचे गोळे आजोबांनी नातवाला खेळायला आणून दिले होते. आजोबा आता नाहीत. "याला तुमच्या डब्यात घालता का, सर?" असे विचारून तो खडा ठेवून गेला.

मी तो लगेच घातला नाही. कारण सांगतो. कारखान्यात घडविलेली काच तासन् तास हळूहळू थंड करतात. एकदम थंड झाली, तर बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसू पाहतो, आणि काचेच्या पोटात ताण राहून जातो. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला तर त्याचे डोके हातोडीचा घाव सोसते, पण शेपटीला नुसता टवका गेला तरी साऱ्या थेंबाचा भुगा होतो. प्रिन्स रूपर्ट याने १६६० साली असे थेंब इंग्लंडच्या राजाला नेऊन दाखविले होते. भट्टीपाशी जमिनीवर सांडलेली काच काही कुणी सावकाश थंड केलेली नसते. पदार्थविज्ञान शिकविणारे माझे एक जुने सहकारी आहेत. त्यांनी संगणकाच्या एल. सी. डी. पडद्यासमोर तो खडा धरला आणि प्रकाशलहरी एकाच दिशेने गाळणाऱ्या काळ्या चष्म्यातून मला पाहावयास सांगितले. चष्मा विशिष्ट कोनात फिरविला की पांढरा पडदा काळाठिक्कर दिसतो. साधी बाटलीची काच मध्ये धरली, तर फारसा फरक पडला नाही. तो खडा धरला मात्र, त्यात इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटले. दृश्य फार सुंदर होते, आणि त्याचा अर्थ वाईट होता. त्याच्या पोटात ताण होता. घासताना तो केव्हाही तडकू शकला असता. साडेपाचशे अंशांपर्यंत तापवून पुन्हा सावकाश थंड केला असता तर ताण गेला असता. पण तशी भट्टी माझ्याजवळ नाही, आणि तापवतानाच तडकणार नाही याची शाश्वती कोण देणार?

चार महिने तो खडा माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिला. रोज खण उघडून मी तो पाही आणि पुन्हा बंद करी. शेवटी पुण्याला फोन केला आणि सारी हकिकत सांगितली. "तू म्हणशील तसे करतो," मी म्हणालो. "एकदा तुला न विचारता केले."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "घाला, सर. फुटला तर दोन होतील. मला दोन मुली आहेत."

डबा तीनतीनदा धुतला. आधारासाठी बारीक गोटे आणि प्लॅस्टिकचे दाणे नेहमीपेक्षा जास्त घातले, आणि वेग कमी केला. पहिल्या टप्प्याच्या शेवटी खडा शाबूत होता. दुसऱ्या टप्प्यानंतर धुतला, तेव्हा बुडबुड्याजवळ एक बारीक रेघ दिसली. ती पूर्वीपासून होती की आता पडली, हे मला सांगता येईना. भिंगातून तासभर पाहिले. सौभाग्यवतींनी पाहिले, नातीने पाहिले. तिघांची तीन मते पडली. मग सिरियम घालून झाकण लावले.

आज सहावा दिवस आहे. रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि मी अंथरुणावरून डब्याचा आवाज ऐकतो आहे. मघाशी तो एकदा निराळा वाटला म्हणून उठून पडवीत जाऊन आलो. डबा आपला फिरतच होता. उद्या सकाळी नऊच्या गाडीने ते चौघे येणार आहेत. त्यांच्यादेखतच झाकण काढावयाचे, असे ठरले आहे.